फणसाकडे फणस नाही

पहिला दिवस

सावंतवाडी रोड स्टेशनवर उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. मामा स्कूटर घेऊन आला होता. मफलर, कानटोपी, वर पुन्हा हेल्मेट. डिसेंबरात इथं एवढीही थंडी पडत नाही, पण मामाची सत्तरी गाठलेली हाडं ठरवतात.

हे प्रकरण सुरू झालं सातबारावरून. आईच्या हिश्शाच्या वारसनोंदीसाठी आजोळच्या जमिनीचे उतारे काढले होते. अकरा उतारे. प्रत्येकावर वरच्या बाजूला एक रकाना असतो, 'शेताचे स्थानिक नाव'. अकराच्या अकरा रकाने कोरे. गट क्रमांक आहे, क्षेत्र आहे, आकारणी पैशांत आहे, नाव मात्र नाही. आणि आईच्या तोंडी तर सतत नावंच असायची. 'चिंचेच्या कुणग्यात मला विंचू चावला होता', 'घाटीवर पाय मुरगळला'. कुणगा म्हणजे बांध घातलेला भाताचा लहानसा तुकडा, एवढं कळत होतं. तो कुठला, हे विचारायचं राहून गेलं.

म्हणून पाच दिवसांची रजा, दोन वह्या आणि मोबाईलमध्ये अक्षांश-रेखांश टिपणारं एक ॲप.

गाव तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, बांदा आणि आरोंदा यांच्या मधे कुठेतरी. नाव लिहीत नाही, का ते तिसऱ्या दिवशी येईल. समोरच्या काठावर गोवा, पेडणे तालुका. नदी मनोहरगडाच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते, बांद्यापर्यंत तिला बांद्याची नदी म्हणतात, खाली तेरेखोल, आणि जुन्या कागदांत आरोंद्याच्या नावानेही ती सापडते. गावात विचारलं तर उत्तर एकच, 'न्हंय'. एकच नदी असली की नाव कशाला लागतं!

संध्याकाळी खळ्यात बसून मामाला म्हटलं, सांग नावं. मामाने सुपारी कातरत सांगायला घेतलं. दहा-बारा भराभर आली, मग अडखळला. शेजारचे दोघे येऊन बसले, त्यांनी पाच दिली, त्यांतल्या दोनवरून वाद झाला. रात्री मोजली तर सतरा. मी जरा निराशच झालो. एवढ्याशा यादीसाठी रजा?

आजी आतल्या खोलीत खाटेवर पडून होती. नव्वदीच्या पुढची. तिला कशाला त्रास द्यायचा, म्हणून तिच्याकडे गेलो नाही. ही चूक मी इथेच कबूल करून ठेवतो.

दुसरा दिवस

सकाळी मामा म्हणाला, आधी देवळात जाऊया. असलं काही करायचं तर विचारल्याशिवाय नको. देऊळ रवळनाथाचं. गुरवाला मी माझं काम सांगितलं, म्हटलं, जागांची नावं लिहून घेणार आहे, आवाजही रेकॉर्ड करणार आहे. त्याने मोबाईलकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि कौल लावला. ओल्या पाकळ्या मूर्तीवर चिकटवतात, उजवीकडची पडली तर होकार. आम्ही चौघं गप्प उभे. पाच मिनिटं झाली, सात झाली. उजवीकडची पाकळी सुटली. माझ्या आयुष्यात एवढ्या रीतसर परवानगीने मी कुठलंच काम केलेलं नाही.

मग गाऱ्हाणं. इथे माझे कान टवकारले. गाऱ्हाणं मी लहानपणापासून ऐकलंय, 'होय म्हाराजा'ला जोरात ओरडायचो, बाकी लक्ष नाही. आता लक्ष देऊन ऐकलं तर तो आधी देवळातल्या देवांना हाक मारतो, मग सातेरी देवीला, मग बाहेर पडतो. व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, घाटीच्या माथ्यावरचा, पूर्वेच्या शिवेवरचा, न्हंयच्या काठचा, एकेका राखणदाराला त्याच्या जागेसकट साद. गावाची हद्द पायाखाली घातल्यासारखा तो क्रमाने फिरत होता, पूर्वेकडून निघून पुन्हा पूर्वेकडे. 'होय म्हाराजा' म्हणताना माझी वही चालूच होती. चार मिनिटांत नऊ जागा, त्यांतल्या सहा कालच्या यादीत नव्हत्या. मामाला म्हटलं, या काल का नाही सांगितल्यास? तो म्हणाला, "त्यो देवाच्यो जागो. तू शेतां इचारलंस."

तिथून चालायला लागलो, आणि खरी यादी सुरू झाली. बसून ज्याला सतरा आठवतात त्याला चालताना किती आठवतात, हे मला त्या दिवशी कळलं. मामाचे पाय गडग्याच्या फटीतून वळले की तोंडातून नाव पडायचं. जांभ्या दगडाच्या त्या चुन्याविना रचलेल्या भिंती, गडगे, गावभर आहेत. त्यांच्यामधून पाणंदी जातात, आणि पाणंद जिथे वाकते तिथे हमखास एक नाव असतं. 'वाकणार'. बेडं लागलं, म्हणजे आडव्या दांड्यांचं फाटक, की 'बेड्यार'. मळ्यात उतरल्यावर तर दहा पावलांना एक. चिंचेचो कुणगो तिथेच सापडला. हात-दोन हात रुंद बांध, आत नांगरलेली ओली माती, वायंगणी भाताचा तरवा, म्हणजे रोपं, एका कोपऱ्यात पोपटी. चिंच नाही.

"चिंच खंय?"

"चिंच मीया पण बघूक नाय."

हे दिवसभर चाललं. फणसाकडे फणस नव्हता, तो मामाच्या बापाच्या वेळी पडला. तळीकडे तळी बुजलेली. सर्वांत मजा नाक्यावर. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर एक पिंपळ आहे, त्या जागेला 'नाको' म्हणतात. तिथे आता काहीच नाही, कोणी तरी टाकलेली प्लास्टिकची खुर्ची तेवढी होती. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, त्याआधी ही आंतरराष्ट्रीय सरहद्द होती. पलीकडे पोर्तुगाल, अलीकडे हिंदुस्थान, आणि या पिंपळाखाली शिपाई. मामा तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याला शिपायाच्या कमरेचा पट्टा आठवतो. साठ वर्षांहून जास्त झाली, तरी पोरं गाडी लावतात ती 'नाक्यार'च. मी प्रत्येक ठिकाणी फोटो काढत होतो. मोकळं गवत, मोकळा बांध, मोकळी वाट. मामा शेवटी वैतागला.

"थंय काय असा फोटो काढूक?"

खरं होतं. रात्री फोटो पाहिले तर एकसारखे, कुठला फणस, कुठली तळी ओळखू येईना. वहीतले क्रमांक नसते तर सगळा दिवस वाया होता. पण आकडा एकसष्ट. सतराचे एकसष्ट.

पायांना फोड आला होता. मामीने खोबरेल चोळायला दिलं आणि कुळथाची पिठी वाढली. तिने विचारलं, कुठे कुठे गेलात? मामा सांगत होता, ती ऐकत होती, काही बोलली नाही.

तिसरा दिवस

सातार्ड्याच्या पुलावरून नदी ओलांडली की नईबाग, गोवा सुरू. मोबाईलला हद्द कळत नाही, महाराष्ट्र आणि गोवा हे एकच टेलिकॉम सर्कल. हद्द कळते ती परत येताना, दारूच्या तपासणीला गाडी थांबवतात तेव्हा.

पेडण्याचा प्रदेश सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ मध्ये. त्याआधी दोन्ही काठ एकाच राज्यात होते. देव एकाच नावाचे, दोन्हीकडे सातेरी आणि रवळनाथ, आडनावंही तीच. म्हणून मला पलीकडची नावं हवी होती.

गोव्याच्या उताऱ्याला एक-चौदा म्हणतात. सातबाराचाच चुलतभाऊ. त्यावरही शेताच्या नावाचा रकाना आहे, आणि तिथे तो बऱ्याचदा भरलेला असतो. आनंद झाला. एका कॉम्प्युटरच्या दुकानात, ओळखीच्यांच्या सर्व्हे नंबरांचे सात उतारे काढून घेतले. आनंद तिथेच ओसरला, कारण नावं रोमन लिपीत.

गावांच्या नावांची पोर्तुगीज लिखाई निदान नियमाने चालते. केरीची सुरुवात 'क्यू'ने होते. तोरसेंमधल्या 'स'च्या जागी 'एक्स' बसलेला असतो. पालयें, तोरसें, मांद्रें, पेडणें, सगळ्यांच्या शेवटी 'एम', आणि तो एम म्हणजे म नव्हे, नाकातला अनुस्वार. बाहेरचा माणूस 'पेरनेम' वाचतो आणि कंडक्टर हसतो. पण शेतांची नावं कोणी कुठल्या काळात कशी टाइप केली याला नियमच नाही. एका उताऱ्यावर नुसतं 'बी-ए-टी'. इंग्रजी वाचणाऱ्याला वटवाघूळ. बाट म्हणायचं, बात म्हणायचं, की वाट? उतारा घेऊन त्या जमिनीच्या मालकिणीकडेच गेलो. ती अंगणात आळसांदे वाळत घालत होती. तिने कागद हातात न घेताच, नंबरही न बघता विचारलं, कुठली जमीन, माडाखालची? मग ते भाट. माडाची, पोफळीची बाग ती भाट. दोन अक्षरं, पण ती कळायला त्या अंगणात जावं लागलं. 'व्हाळ'चे तर तीन उताऱ्यांवर तीन अवतार होते.

त्याच घरात एक सून मूळची आमच्या काठची निघाली, लग्न होऊन पलीकडे गेलेली. तिला नदीतल्या एका डोहाबद्दल विचारलं. आमच्याकडे त्याला 'म्हशीची कोंड' म्हणतात. ती म्हणाली, माहेरी तसंच, इथे मात्र 'तारीकडली कोंड'. पाणी तेच. आमच्या काठावर म्हशी उतरायच्या, त्यांच्या काठावर तर, म्हणजे होडी, लागायची. दोन्ही नावं लिहिली, अक्षांश-रेखांश एकच. ॲपने तक्रार केली, ही जागा आधीच नोंदलेली आहे. असू दे म्हटलं.

परतताना आमच्याच काठावर एक म्हातारे भेटले. पंचा, खांद्यावर कोयता, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, बाजूने उतरत होते. मी माझं पुराण सुरू केलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "जमीन बघतंस की काय?"

मी हसलो, पण ते हसले नाहीत. २०२३ च्या जानेवारीत पलीकडे पेडणे तालुक्यात मोपच्या सड्यावरून विमानं उडायला लागली. विमानतळापाठोपाठ नदीच्या दोन्ही बाजूंना माणसं हिंडू लागली, चांगल्या गाड्यांतून येणारी, गावच्या मुलाला हाताशी धरून 'ती न्हंयकडची जागा कोणाची' विचारणारी. आजोबांचं म्हणणं असं, की नुसत्या गट नंबरने त्या माणसाला जागा सापडत नाही, दिवसभर फिरावं लागतं, चार घरी विचारावं लागतं, तोवर गावाला कळतं. नाव आणि नकाशावर टिंब असलं की थेट येऊन उभा राहील. त्यांच्या घराच्या वरच्या अंगाला एक राखणदाराची जागा आहे, जुनी झाडी राखलेली. ती मी सकाळीच टिपली होती. मोबाईल काढून दाखवली, तर त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"नाव लिव. पण खंय असा ता लिव नको."

तिथल्या तिथे टिंब पुसलं. त्यांना पुसलेलं दाखवलं. मग त्यांनी त्या झाडीच्या आणखी तीन नावाजलेल्या झाडांची नावं सांगितली, जणू सौदा पुरा झाला. म्हणून या लिखाणात गावाचं नाव नाही, आणि माझ्या वहीच्या दोन प्रती आहेत. टिंबांची मामाकडे राहील, गावात.

कौल उजवा दिला होता खरा. पण देवाने बहुतेक टिंबांचा विचार केला नसावा.

चौथा दिवस

आज नावं गोळा करायची नव्हती, तेरेखोल बघायचं होतं. मामाला गुडघ्याने नाही म्हटलं, मी एकटाच स्कूटर घेऊन रेडीमार्गे गेलो.

नकाशात नदी हीच हद्द असं वाटत असताना मुखाशी गोव्याने एक पाय पलीकडे टाकलेला आहे. नदीच्या उत्तरेला, रेडीला चिकटून, तेरेखोल हा गोव्याचा गाव. किल्ला मुळात सावंतवाडीच्या भोसल्यांचा. पोर्तुगिजांनी तो १७४६ मध्ये घेतला, म्हणजे पेडणे ताब्यात येण्याच्या बेचाळीस वर्षं आधी. किल्ला ज्याचा त्याचं नदीचं तोंड, त्यामुळे हातचा तुकडा कोणी सोडला नाही, आणि पुढे हद्द आखताना तो तसाच राहिला. आजही इथल्या माणसाला आपल्या तालुक्याच्या गावी, पेडण्याला जायचं तर फेरीबोटीने केरीला उतरायचं, नाही तर महाराष्ट्रातून आरोंद्याला जाऊन किरणपाणीचा पूल ओलांडायचा.

रेडीच्या रस्त्याने जाताना कुठे राज्य बदललं ते पाटी वाचून कळतं. न वाचताही एक खूण आहे. तिठ्यावर तुळशीवृंदावनाऐवजी खुरीस, म्हणजे क्रूस, दिसायला लागतो. पांढरा, चुना लावलेला, हाराचा झेंडू सुकलेला. गाव बहुतेक ख्रिस्ती. वाट सांगताना बायका 'खुरसाकडल्यान वळ' म्हणतात. आमच्याकडे 'पिंपळाकडून' असतं, तेच काम.

किल्ल्याच्या आत चौकात सांतान्तोनीचं, म्हणजे सेंट अँथनीचं चर्च. तटबंदी आणि चर्च यांच्यामध्ये एवढी कमी जागा, की चर्च किल्ल्यात आहे की किल्ला चर्चभोवती, असा प्रश्न पडतो. पोर्तुगीज कारभारात गावाच्या एककाला 'फ्रेगेझिया' म्हणत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच पॅरिश, एका चर्चखालचा मुलूख. सातेरीच्या गावांनाही तोच शब्द लागू झाला. आपण 'मौजे' लिहितो, त्यांनी चर्चची घंटा किती लांब ऐकू येते त्यावरून गावाला नाव दिल्यासारखं हे! १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. पुढल्याच वर्षी त्याच तारखेला वर हद्दीवरच्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या.

तेरेखोल या नावाची फोड इथे कोणीही करून देतो. तीर आणि खोल. तटावरून खाली बघितलं की पटतंच, कडा तुटून सरळ पाण्यात. समोर केरीची वाळू, तिच्यामागे सुरूचं बन, मधे फेरीबोट खेकड्यासारखी तिरकी सरकत होती. मीही स्कूटरसकट चढलो. दहा मिनिटं. बोटीवर एका मासेविक्या बाईने विचारलं, काय बघायला आलास? नावं, म्हटलं. तिने पाण्यातल्याच तीन जागा दाखवल्या, एक खडक, एक वाळूची पट्टी, एक नुसतं पाणी, जिथे ओहोटीला होडी घासते. तिन्हींना नावं. जमिनीवर निदान गडगा असतो. पाण्यावरचं नाव ही मंडळी कशाला टांगून ठेवतात कोण जाणे.

केरीत आजोबाच्या देवळाकडे थांबलो. देवाचं नावच आजोबा. किरणपाणीवरून घरी पोचायला अंधार झाला.

पाचवा दिवस

दुपारची बस होती. सकाळी वही नीट उतरवत बसलो. नावं अकारविल्हे लावायला घेतली होती, पण ते काही बरोबर वाटेना, म्हणून वाटांनी लावली. घरापासून सड्यापर्यंत, घरापासून न्हंयपर्यंत. एकूण ब्याण्णव.

आजी आतून म्हणाली, काय वाचतोस ते मोठ्याने वाच. वाचायला लागलो. सड्याची वाट. बेड्यार, वाकणार, तळीकडे, फणसाकडे, घाटी. ती डोळे मिटून ऐकत होती, तोंड हलत होतं. मी घाटीवर पोचलो आणि तिने हात वर केला.

"मदी एक ऱ्हवला."

फणसाकडे आणि घाटी यांच्यामध्ये. 'भाऱ्याची धोंड'. सड्यावरून गवताचा, लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन उतरताना मध्ये तो एकटीने खाली ठेवता येतो, पण एकटीने पुन्हा डोक्यावर घेता येत नाही. म्हणून छातीच्या उंचीचा धोंडा. मागे वळायचं, भारा त्यावर टेकवायचा, मान मोकळी करायची, दम घ्यायचा, पुन्हा डोकं खाली घालून उचलायचा. नाकेबंदीच्या वर्षांत, म्हणजे गोव्यात हिंदुस्थानातून माल जायला बंदी होती तेव्हा, त्या भाऱ्यात वर गवत आणि पोटात बटाटे असायचे. धोंडीवर टेकलं की खालचा नाका दिसतो. शिपाई जेवायला गेला की उतरायचं.

मामा दारात उभा होता. तो म्हणाला, असलं काही नाव नाहीच, मी जन्मभर त्या वाटेने जातोय.

आजीने डोळे उघडलेही नाहीत. "तेका काय म्हायत? तेना कधी डोक्यार भारो घेतल्यान?"

बसला दीड तास होता. मामी म्हणाली, चल, दाखवते. साडीचा पदर खोचून ती पुढे, मी मागे, फोड आलेल्या पायाने. फणसाकडून घाटीच्या बाजूला शंभरेक पावलं, वाटेला अगदी लागून, करवंदीच्या जाळीत. परवा मी आणि मामा त्याच्या हातभर अंतरावरून गेलो होतो. जांभा काळा पडलेला, बाजूंना खडबडीत, शेवाळ. वरची बाजू मात्र गुळगुळीत, मधे किंचित खोल, पाट्यासारखी. हात फिरवला. खालचा पिंपळ स्वच्छ दिसत होता, त्याखालची प्लास्टिकची खुर्चीसुद्धा.

मामीला विचारलं, तुला ही ठाऊक होती?

"होती मरे. तू इचारलंस खंय?"

मोबाईल काढला, टिंब ठेवलं. ब्याण्णवच्या खाली त्र्याण्णव लिहिलं. म्हटलं, अजून अशी किती आहेत? ती करवंदीत अडकलेला पदर सोडवत होती. विहिरीच्या वाटेवर पाच तरी आहेत, म्हणाली, कपडे धुवायच्या व्हाळावर वेगळी.

"पण आत्ता चल. बस चुकतली."